बाळ्या, सही करू नकोस

दांडी, मालवण
आषाढ, पाऊस धरून

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून आईला सगळं स्पष्ट दिसतं, त्यामुळे घरात सगळ्यांचं जिणं कठीण झालंय. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागे टीव्ही ओरडत असतो. म्हणून लिहितो.

आपली रापण, वाडीने वाट्यावर मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते जाळं, विकायची म्हणतायत.

होडी, जाळं, दोर, किनाऱ्यावरची खोप म्हणजे ती शाकारलेली झोपडी, सगळं. खरं तर घेणाऱ्याला जाळं नकोच आहे, त्याला खोपीची जागा हवी. बाहेरचा कोणी आहे. वॉटर स्पोर्ट्सचं बुकिंग काउंटर टाकणार, मागे पर्यटकांचं सामान ठेवायला खोली. जागा सरकारची, हे त्यालाही माहीत आणि आपल्यालाही. आपल्याकडे कागद नाही, नुसती वहिवाट. आपण मुकाट उठायचं, एवढ्याचेच तो पैसे देतोय. देवळात बैठक झाली. अर्धे वाटेकरी गप्प बसले, आणि आपल्याकडे गप्प बसणारा कुठल्या बाजूचा असतो ते तुला सांगायला नको. एकटे तात्या उठले नि म्हणाले, "पुनवेक दर्याक नारळ खयच्या तोंडान देतलास?" सगळे हसले, कारण तात्यांनी दोराला हात लावलेला कोणाला आठवत नाही.

हसलो मीही. पण ओढायला माणसं आहेत कुठे? पूर्वी होडी जाळं टाकून वळली की दोन्ही दोरांना गाव लागायचा. जो ओढेल त्याला मूठभर तरी मासे, मग तो पाहुणा का असेना. आता पर्यटक येतात, दोर धरून फोटो काढतात आणि विचारतात, "भैया, डॉल्फिन कितने बजे?" बरं, ओढून येतं काय? पाटीभर पेडवे, म्हणजे बारकी मासळी, प्लास्टिक आणि जाळं कुरतडणारा केंड मासा. केंडाने या वर्षी जाळ्याची अशी चाळण केलीय की मासे सुटतात नि आम्ही दुरुस्तीत अडकतो.

तू म्हणशील, पर्ससीन. हो, पर्ससीन, माशांचा अख्खा थवा घेरून उचलणारं ते यांत्रिक बोटींचं जाळं. आठवतं ना, पर्ससीनला आवर घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा सरकारी आदेश निघाला तेव्हा आम्ही बंदरावर फटाके लावले होते आणि तू मुंबईतून फोनवर म्हणालास, "कागदार मासे गावनत नाय रे." गणपतीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझं म्हणणं मला आजही अर्धंच पटतं. पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, परवाने कमी करत 182 वर आणायचे, हे काही थोडं नव्हतं. पुढच्याच वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांवरची मासेमारी बंद केली. 2021 ला राज्याचा 1981 चा मासेमारीचा कायदा सुधारला, दंड लाखांत गेला, तहसीलदाराकडे पडून राहणारी प्रकरणं मत्स्य खात्याकडे आली. पण रात्री दांडीवर येऊन उभा राहा. बाहेर दिवाळीतल्या पेठेसारखा उजेड असतो. किनाऱ्याकडे येणारा बांगड्याचा थवा तिथेच दिव्याखाली गोळा होतो आणि तिथेच घेरला जातो, मग आमच्या दोराला काय येणार? ज्याचं एक जाळं लाखांत उतरतं, त्याने दंड आधीच खर्चात धरलेला असतो.

तरी सगळं पर्ससीनवर ढकलायला जीभ रेटत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात क्यार वादळ आलं, 2021 च्या मेमध्ये तौक्ते. तारली एखाद्या वर्षी तोंडच दाखवत नाही. आणि आपल्याच वाडीतले दोघे मिनी पर्ससीनमध्ये भागीदार आहेत, कोण ते ओळख. घोषणा द्यायच्या तर कोणाच्या दारात? एकाने तर माझ्याच शेजारी उभं राहून फटाके लावले होते.

विकायच्या बाजूला सगळ्यात पुढे आमचा सोन्या आहे. स्कूबाच्या होडीवर असतो, मे महिन्यात चांगलं कमावतो, घराचा हप्ता तोच भरतो. मला म्हणतो, "बाबा, मीपण समुद्रावरच जगतो ना? तुम्ही मासे काढता, मी दाखवतो." याला काय उत्तर देणार? मी चहा प्यायलो. सरकारने एप्रिल 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा मीही हुशारी करून कर्जाची चौकशी करायला गेलो. समोरच्याने सातबारा मागितला. म्हटलं, पाण्याचा असेल तर तुम्हीच काढून द्या!

असो. मला खातं ते वेगळंच. काका गेले तेव्हा तू नववीत होतास. दोराला हात लावायला घरात कोणी नव्हतं, तरी काकांचा वाटा निघत राहिला. त्याचा कधी ठराव झाला नाही, कोणी उपकारही बोलून दाखवले नाहीत. मासे कमी पडले तरी काकीची पाटी आधी बाजूला. ती विकून काकीने तुझी आयटीआयची फी भरली, हे मी तुला शिकवायला नको. आजही तसाच बायग्याचा वाटा निघतो, सुशाच्या आईचा निघतो. पैशात बघशील तर हसशील. पण बंदरावरच्या लिलावात ट्रॉलरची मासळी उचलायला बायग्याकडे भांडवल कुठे? व्यापाऱ्यांपुढे तिला बोलीही लावता येत नाही. रापणीची पाटी आहे म्हणून ती बाजारात बसते. काउंटरचे पैसे एकदा वाटले की संपले. त्या व्यवहारात बायग्याला कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मी बैठकीत विचारलं. कोणी बोललं नाही. सोन्या मोबाइल बघत होता.

काकीच्या नावचा वाटा आता तुझा. तुला फोन येईल, आकडा सांगतील. आकडा वाईट नाही, तुझ्या बोरिवलीच्या हप्त्यांना टेकू मिळेल. सही करू नकोस. निदान नारळी पौर्णिमेपर्यंत थांब. माझं म्हणणं असं: मोठं जाळं कुजलंच आहे, ते जाऊ दे. होडी आणि खोप ठेवू. उरलेल्यांना ओढता येईल असं लहान जाळं करू. अर्धी खोप सोन्याच्या टोळीला भाड्याने देऊ आणि त्या भाड्यातून आधी बायग्याचा नि सुशाच्या आईचा वाटा काढू. तात्या मला दलाल म्हणाले. सोन्या 'बघू' म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे नाही नव्हे, एवढं मला कळतं.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पिंकी बारावीला एवढे मार्क मिळवते आणि आम्हाला पेढ्यांचा फोटो? शोभतं का?

बैठक पौर्णिमेच्या आदल्या रविवारी. तुतारी एक्सप्रेसने ये, कुडाळला मोटारसायकल घेऊन येतो. काकांनी लिहिलेली रापणीच्या हिशेबाची वही तुझ्या माळ्यावर आहे, काकीने जाताना नेली होती. त्यात सालवार वाटे आहेत, खोप शाकारल्याचा खर्च आहे. वहिवाटीचा म्हणून दाखवण्यासारखा तेवढाच कागद आपल्याकडे आहे. वाळवीने खाल्ली असेल तरी जशी असेल तशी आण. झेरॉक्स पाठवू नकोस, तूच ये. कोळंबच्या खाडीत ओकला होतास तसं होणार नाही, होडीत बसवणार नाही तुला.

तुझा,
दाजी