‘लोथ’ म्हणजे तिरस्कार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील इंग्रजी शब्दांच्या सदरात नुकताच ‘लोथ’ (loath) या विशेषणाचा अर्थ ‘तिरस्कार करणारा’ असा छापला गेला. नौपाड्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले या सदराची कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात, म्हणून हे लिहीत आहे.

तिरस्कार करणे हा अर्थ ‘लोद’ (loathe) या क्रियापदाचा असून त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ असतो. विशेषणाला तो ‘ई’ नाही आणि त्यात द्वेषही नाही. आहे ती केवळ नाखुशी. दोघांचे कूळ एकच. जुन्या इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ खरोखरच ‘तिटकारा आणणारे’ असा होता. पुढे ते निवळले आणि कडवटपणा क्रियापदाकडे राहिला. ‘ब्रेथ’ हे नाम आणि ‘ब्रीद’ हे क्रियापद यांच्या शेवटच्या व्यंजनाच्या उच्चारात जो फरक आहे तोच येथेही आहे, परंतु काही कोश विशेषणाचा ‘लोद’ असाही उच्चार ग्राह्य धरत असल्याने कानापेक्षा वाक्यरचनेवर विसंबणे बरे. क्रियापदाला थेट कर्म लागते, तर विशेषणामागून ‘टू’ आणि क्रियापद येते. शिवाय ते सहसा नामाच्या आधी बसत नाही. ‘रिलक्टंट विटनेस’ चालतो, ‘लोथ विटनेस’ चालत नाही.

प्रतिशब्द म्हणून ‘अनिच्छुक’ चुकीचा नाही, पण तो कागदी वाटतो (आणि ठाण्यात ‘इच्छुक’ म्हटले की महापालिकेची उमेदवारीच आठवते). ‘ही इज लोथ टू सेल द हाउस’ याचे मराठी ‘घर विकणे त्याच्या जिवावर आले आहे’ असे केले, तर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या चर्चा ऐकत वाढलेल्या नौपाड्यातील मुलाला तो शब्द नेमका कळेल. ‘नाइलाजाने’ मात्र येथे योजू नये, कारण नाइलाजाने म्हटले की काम केले जाते हे गृहीतच असते. ‘लोथ’ माणूस ते शेवटी करतो की नाही, हे त्या शब्दावरून ठरत नाही.

दोन्ही स्पेलिंगे बरोबर असल्यामुळे संगणकाची तपासणी ही चूक हमखास पकडेल असे नाही. तेव्हा दुरुस्ती छापताना दोन्ही शब्दांचे एकेक वाक्यही द्यावे, ही विनंती.

— एक शिक्षिका, नौपाडा, ठाणे (पश्चिम)