आईचे घर एका दिवसात रिकामे करू नका

महोदय,

आईच्या साठवणुकीने घर आणि घरातली नाती अडवून टाकलेल्या कुटुंबावरच्या कादंबरीचा परिचय रविवारच्या पुरवणीत आला. कादंबरी आम्ही वाचली आहे आणि तिचा पूर्वार्ध आम्हाला पटला. आई पिशवीतून जुनी लग्नपत्रिका काढते, उलटसुलट करून बघते, हळदीचे बोट लागलेला कोपरा पुसते आणि पत्रिका पुन्हा त्याच ढिगावर ठेवते, फक्त वरच्या अंगाला. ढीग रोज उपसला जातो आणि तसूभरही कमी होत नाही, तो असाच. पाहुणे येणार म्हटले की घरभर चादरी ओढून झाकपाक करणारी थोरली मुलगी आणि दिवसभर देवळाच्या कट्ट्यावर बसून राहणारे वडीलही खरे वाटतात.

आमची हरकत शेवटाला आहे. आई यात्रेला गेलेली बघून मुलगा आणि जावई टेम्पो बोलावतात, दिवसभरात घर मोकळे करतात. आई परतते, थोडी रडते आणि मोकळ्या दारात रांगोळी घालते. परिचयकर्त्यांनी तर दिवाळीच्या साफसफाईत ज्याने त्याने हे धाडस करावे, असे सुचवले आहे. कृपा करून कोणीही हे करू नये. असे रिकामे केलेले घर बहुधा काही महिन्यांत पुन्हा भरते आणि आधीपेक्षा घट्ट भरते, कारण आता आई कुलूप लावून बाहेर पडते, मुलांना आत येऊ देत नाही. काहींना इतका धक्का बसतो की जेवणखाण सुटते, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे सुरू होते. शिवाय त्या ढिगात सगळे मिसळलेले असते: रिकाम्या दुधाच्या पिशव्यांत पेन्शनचे पासबुक, साडीच्या घडीत पाचशेच्या नोटा, औषधांच्या डब्यात नथ. टेम्पो गेल्यावर ते कळून उपयोग नसतो.

साठवणुकीचा विकार 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून आला; 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तो आहे. आळस, कंजूषपणा, हट्ट यांतले काहीही नाही. वस्तू टाकायची वेळ आली की खरोखर यातना होतात, ठेवावे की द्यावे हा साधा निर्णय होत नाही, आणि डोळ्यांसमोर नसलेली वस्तू विसरली जाईल या भीतीने सगळे कपाटाऐवजी पलंगावर, ओट्यावर, जमिनीवर रचले जाते. लेखिकेने याचे मूळ 1972 च्या दुष्काळात शोधले आहे. वाचायला ते बरे वाटते, पण त्या दुष्काळात सुकडी खाऊन वाढलेल्या किती बायका आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांची घरे लख्ख आहेत! लहानपणची गरिबी आणि हा विकार यांचा थेट संबंध संशोधनात दिसलेला नाही. दिसतो तो आनुवंशिकतेशी, नैराश्याशी आणि जवळचे माणूस गमावण्यासारख्या आघातांशी. सुरुवात पुष्कळदा किशोरवयात असते. नवरा गेला, मुले पुण्याला गेली, की आवर घालणारे कोणी उरत नाही आणि साठीनंतर ते चव्हाट्यावर येते.

जपून ठेवणारी प्रत्येक आई आजारी नव्हे, हेही सांगायला हवे. वाकळीसाठी राखलेली पाच-सहा जुनी लुगडी, ट्रंकेतल्या चादरी, चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात भरून ठेवलेली पिंपे, ही गरज आहे. पाहायचे ते एवढेच, की शेगडी पेटवता येते का, पलंगावर झोपता येते का, मोरी मोकळी आहे का, दार पुरते उघडते का. यांतली दोन उत्तरे नकारार्थी आली तर सल्ला घ्यावा. खोल्यांच्या वाढत्या पसाऱ्याचे नऊ छायाचित्रांचे एक प्रमाणित साधन समुपदेशक वापरतात. चौथ्या चित्रापासून पुढे काळजीचे समजतात. आई आणि मुलगी यांनी आपापले चित्र वेगवेगळे निवडावे. दोघींच्या आकड्यांतले अंतरच पुष्कळ काही सांगते. मात्र आयुष्यभर नेटके घर ठेवलेल्या बाईने साठी-सत्तरीत एकाएकी हे सुरू केले आणि जोडीला विसराळूपणा, विचित्र वागणे असेल, तर आधी स्मृतिभ्रंशाची तपासणी.

आता काम. सुरुवात साफसफाईने नव्हे, धोक्याने करायची. पलंग ते संडास आणि पलंग ते बाहेरचे दार अशी तीन फुटी वाट मोकळी हवी. शेगडी, सिलिंडर आणि मीटरच्या पेटीभोवती तीन फुटांत कागद-कापड नको. सोलापुरात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आग लागायला वेळ लागत नाही. माळ्यावरचे वजन बघा. एका वर्तमानपत्राची महिन्याची रद्दी चार-पाच किलो भरते, म्हणजे दहा वर्षांची अर्धा टन. (आपल्याच पत्राबद्दल हे लिहिताना संकोच वाटतो.) जुन्या माळवदाच्या घरातली लाकडे एवढे पेलतीलच असे नाही. वाट करताना वस्तू फक्त बाजूला सरकवायच्या, टाकायच्या नाहीत, आणि आईला तसे आधी सांगायचे. इथे शब्द पाळला तरच पुढचे दार उघडते.

मग आवराआवर. एका बैठकीला दोन फूट बाय दोन फूट जागा, अर्धा-पाऊण तास, बस्स. वस्तूला हात आईचा. मुलांनी विचारल्याशिवाय काही उचलायचे नाही आणि ‘भंगार’, ‘कचरा’ हे शब्द काढायचे नाहीत. तीन खोकी ठेवावीत: ठेवायचे, द्यायचे, ठरले नाही. तिसऱ्या खोक्यावर तारीख लिहावी, नाहीतर सगळे त्यातच जाते. आरंभ मुदत संपलेल्या औषधांपासून किंवा रिकाम्या पिशव्यांपासून करावा. फोटो, पत्रे, गेलेल्या माणसाचे कपडे अगदी शेवटी. बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी वडिलांच्या सदऱ्यांना हात घातला जातो आणि तिथेच सगळे फिसकटते. प्रश्न साधे असावेत: “आई, अशा किती आहेत? शेवटची कधी वापरलीस? उद्या लागलीच तर कुठे मिळेल, कितीला?” उत्तर तिचे तिला ऐकू येऊ द्यावे, वाद घालू नये. द्यायचे खोके त्याच संध्याकाळी घराबाहेर जायला हवे. रात्रभर दारात राहिलेले खोके सकाळी निम्मे झालेले असते.

येणारा ओघ थांबवल्याशिवाय हे सगळे फुकट. किलोवर मिळणारे सेकंडचे टॉवेल, एकावर एक मोफत, गड्ड्याच्या जत्रेतली प्लास्टिकची भांडी: यासाठी आईबरोबर जाऊन, वस्तू हातात घेऊन, न घेता परत यायचा सराव करावा लागतो. पहिल्या खेपेला जीव कासावीस होतो. न घेताही ती तगमग हळूहळू ओसरते, हे तिला अनुभवानेच कळते.

या विकारासाठी तयार केलेल्या विचार-वर्तन उपचारपद्धतीत साधारण 26 बैठका असतात. सहा महिने ते वर्ष धरून चालावे. गोळ्यांचा उपयोग मुख्यतः सोबतच्या नैराश्यावर आणि चिंतेवर होतो, ढीग गोळीने हलत नाही. सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. आई यायला तयार नसेल तर मुलांनी आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना पलंग, ओटा आणि मोरी यांचे फोटो न्यावेत, पण आईला दाखवून, तिच्या परवानगीने काढलेले.

आपले,
गृहभेटी देणारे समुपदेशक, सोलापूर