थीम पार्कमधला पोकळ दगड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादे नवे थीम पार्क सुरू झाले की त्याच्या बातमीत पाळण्यांची उंची, रोलर कोस्टरचा वेग, जागेचे क्षेत्रफळ आणि झालेला खर्च यांचे आकडे ठळकपणे येतात. ज्या गोष्टींमुळे माणसाला आपण वेगळ्याच जगात येऊन पडलो आहोत असे वाटते, त्या आकड्यांत मावत नाहीत आणि म्हणून बातमीतही येत नाहीत. बरीच वर्षे नाटकांचे नेपथ्य केले असल्यामुळे या राहून जाणाऱ्या गोष्टींविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

नाटकाच्या नेपथ्यकाराला एक मोठी सवलत असते. प्रेक्षक समोरच्या बाजूला, ठरावीक अंतरावर बसलेला असतो. त्यामुळे भिंतीच्या मागे नुसत्या फळ्या असल्या किंवा खांब रंगवलेल्या कापडाचा असला तरी निभावून जाते. थीम पार्कमध्ये हाच प्रेक्षक उठून थेट नेपथ्यात शिरतो, भिंतीला टेकतो, खांबाला हात लावतो, मान वर करून छत न्याहाळतो, आणि त्याच्यासोबतचे मूल तर टेबलाखाली वाकूनही पाहते. त्याच्यापासून लपायला तिथे विंग नसते. जे नेपथ्य रंगमंचावर दोन-तीन तास टिकले तरी पुरते, ते तिथे ऊन, पाऊस आणि रोज हजारो हातांचा स्पर्श सोसून वर्षानुवर्षे उभे राहावे लागते.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे 1955 साली डिस्नीलँड उघडले, तेव्हा त्याच्याभोवती मातीचा बांध घालून त्यावरून आगगाडी फिरवण्यात आली होती. गाडीची हौस भागली हे खरेच, पण त्या बांधाचे मुख्य काम आत आलेल्या माणसाच्या नजरेआड बाहेरचे जग ठेवणे हे होते. पुढे याच बांधाने एक अडचणही उभी केली. 1969 साली तिथे भुताटकीच्या वाड्याची राईड सुरू झाली. तिचा पसारा एवढा मोठा होता, की मुख्य इमारत बांधाच्या पलीकडे बांधावी लागली आणि लोकांना रुळांखालून तिकडे न्यायचा प्रश्न आला. साधा जिना किंवा लिफ्ट चालली असती, पण त्या क्षणी वाडा संपून इमारत सुरू झाली असती. म्हणून रचनाकारांनी लिफ्टचीच खोली केली. लोक एका अष्टकोनी दालनात उभे राहतात, दार बंद होते, भिंती हळूहळू लांबू लागतात, भिंतींवरच्या तसबिरी खाली उलगडत जातात आणि प्रत्येक तसबिरीतल्या माणसावर ओढवलेले संकट उघडे पडते. प्रत्यक्षात या सगळ्या वेळात जमीन खाली जात असते. दोन वर्षांनी फ्लोरिडात तसाच वाडा झाला. तिथे खाली उतरण्याची गरजच नव्हती, तरी तो प्रसंग वगळला नाही. फक्त जमिनीऐवजी छत वर सरकवले. अडचणीला कथेत असे मुरवून घेणे हे मला या कलेतले सर्वांत अवघड काम वाटते.

दृष्टिभ्रमाच्या युक्त्या आता बहुतेकांना ठाऊक असतात. डिस्नीलँडचा किल्ला अवघा 77 फूट उंच आहे, पण वरच्या भागातील दगड खालच्यापेक्षा लहान केल्यामुळे तो अधिक उंच भासतो. नेपथ्यात हे आम्हीही करत आलो आहोत, त्यामुळे त्याचे मला फारसे अप्रूप नाही. मला अधिक कौतुक आहे ते नेदरलँड्समधील एफ्टेलिंग या उद्यानातल्या एका कचरापेटीचे. 1959 सालापासून तिथे एक गलेलठ्ठ, खादाड माणूस तोंड उघडून बसलेला आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे कागद मागतो, तोंडाजवळ धरलेला कागद आत ओढून घेतो आणि आभारही मानतो. त्याला भरवण्यासाठी मुले कागद शोधत फिरतात. परीकथेच्या जंगलात कचरापेटी ठेवणे भाग होते, तर तीही कथेतली करून टाकली.

आता उलट बाजू. काही वर्षांपूर्वी मी नातीला घेऊन एका थीम पार्कमध्ये गेलो होतो. नाव घेत नाही, कारण हा दोष त्या एकाच ठिकाणचा नाही. तिथली आदिम गुहा दुरून फार सुरेख दिसत होती. आत शिरल्यावर नातीने सहज एका शिळेवर टिचकी मारली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, हा दगड पोकळ आहे.’’ त्यानंतर तिने गुहा पाहिलीच नाही. ती एकेक दगड वाजवत सुटली. मग तिला छतालगतचा पाण्याचा पाइप दिसला, दिव्याची वायर दिसली, शेजारच्या विभागातले गाणे ऐकू येऊ लागले आणि कोपऱ्यात टेकून ठेवलेला प्लॅस्टिकचा झाडूही सापडला. दगड फायबरचा असण्याला माझी हरकत नाही. माझे म्हणणे इतकेच, की जो दगड हाताला लागणार आहे, तो आतून भरून घ्यावा आणि जो पंधरा फुटांवर आहे, तो पोकळ ठेवावा. पैसा कुठे घालायचा हे ठरवण्यासाठी रचनाकाराने मुलाच्या उंचीला बसून सगळ्या वाटेने एकदा तरी जायला हवे. गुडघ्यांची थोडी तक्रार होईल, पण त्याला इलाज नाही.

मात्र सगळा दोष रचनाकारावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण खरी परीक्षा उद्घाटनानंतर सुरू होते. फ्लोरिडातील डिस्नीच्या ॲनिमल किंगडममध्ये 2006 साली हिमालयाच्या कल्पनेवर आधारलेली एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही राईड सुरू झाली. 200 फूट उंचीच्या बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो आणि बर्फाच्छादित शिखरावर लाल दिवा लुकलुकणे बरे दिसले नसते, म्हणून तो डोंगर 200 फुटांच्या किंचित आत थांबवला आहे. एवढ्या काटेकोर कामात शेवटी प्रवाशांवर झेप घेणारा अजस्र यांत्रिक हिममानव मात्र काही महिन्यांतच हलेनासा झाला. तेव्हापासून त्याच्यावर लखलखता दिवा टाकून तो हलल्याचा भास निर्माण केला जातो. ज्यांच्याकडे पैसा आणि कौशल्य या दोन्हींची वाण नाही, त्यांचीही ही स्थिती आहे, कारण डोंगराच्या पोटात बसवलेले यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर काढणे सोपे नसते. तपशील आखताना त्याच्या दुरुस्तीची वाटही त्याच नकाशावर आखली पाहिजे, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

रंगाचा पोपडा निघाला, एखादा आवाज बंद पडला, पुतळ्याचे एक बोट तुटले, तर त्याविषयी कुणी तक्रार नोंदवत नाही. राईड बंद पडली तर लगेच बोंब होते. त्यामुळे काटकसर करायची वेळ आली की कात्री आधी तपशिलावरच चालते, आणि ती चालली आहे हे कोणत्याही हिशेबात दिसत नाही. पाहणारा मात्र घरी जाऊन ‘‘ठीक होते’’ असे म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही.

आपल्या वृत्तपत्राला यासंदर्भात एक विनंती आहे. नाटकाचे परीक्षण पहिल्या प्रयोगावरून लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. थीम पार्कचे परीक्षण मात्र उद्घाटनाच्या दिवशी छापू नये. ते पाच वर्षांनी, एखाद्या गर्दीच्या दिवशी, शक्यतो आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर नेऊन लिहावे आणि त्याने कोणते दगड वाजवून पाहिले तेही त्यात नमूद करावे.

आपला,
एक निवृत्त नेपथ्यकार