अन्न-अ‍ॅलर्जीच्या औषधचाचण्यांत प्रौढ कुठे आहेत?

महोदय,

ज्या घरात दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, त्या घरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीतली काकडीची कोशिंबीरसुद्धा विचारल्याशिवाय तोंडात घालता येत नाही, हे मी माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्यामुळे अशी अ‍ॅलर्जी रोखणाऱ्या औषधांविषयी जे छापून येते ते मी लक्षपूर्वक वाचते, आणि या चाचण्यांत प्रौढ माणसे फारशी दिसतच नाहीत, ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते.

अमेरिकेत २०२० साली शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवरील पहिले औषध मंजूर झाले, ते सुरू करण्यासाठी वयाची अट होती ४ ते १७ वर्षे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओमालिझुमॅब या इंजेक्शनला एक वर्षावरील सर्वांसाठी मंजुरी मिळाली खरी. परंतु त्यामागच्या प्रमुख चाचणीतील १८० जणांपैकी प्रौढ केवळ तीन होते. त्या चाचणीत औषध घेणाऱ्या ६७ टक्के मुलांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे दोन-अडीच दाणे, सोसले. मुलांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. चाळिशीतल्या माणसाने मात्र याच आकड्यावर विसंबून राहायचे का?

म्हणूनच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. जॉन्स हॉपकिन्स आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांतील संशोधकांनी रक्ताच्या काही कर्करोगांवर वापरले जाणारे अकॅलाब्रुटिनिब हे औषध शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहा प्रौढांना दोन दिवसांत चार मात्रांत दिले. शरीरातल्या मास्ट पेशींतून अ‍ॅलर्जीची लक्षणे उठवणारे हिस्टामिन हे रसायन बाहेर पडण्यासाठी बीटीके नावाचे जे विकर (एन्झाइम) लागते, त्यालाच हे औषध अडवते. औषधापूर्वी त्यांना सोसणारे प्रथिन मध्यकानुसार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २९ मिलिग्रॅम, म्हणजे एका दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढे होते. औषधानंतर दहापैकी सात जणांनी सुमारे ४,००० मिलिग्रॅम प्रथिन दृश्य लक्षणांविना पचवले.

दहाच माणसे, तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गट नाही, आणि औषध प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारे. तेव्हा हे औषध कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्यात तातडीने घ्यायचे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन जवळ बाळगणे सोडू नये. परंतु दोन दिवसांच्या गोळ्यांवर एखादा प्रवास किंवा समारंभ निभावता येईल का, याचे उत्तर मोठ्या चाचणीवाचून मिळणार नाही, आणि तीत रक्तदाब, दमा यांसारखे विकार असलेली मध्यमवयीन माणसेही असायला हवीत. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा चाचणीत उतरावे, कारण कूट, चटणी, चिक्की अशा रूपांत रोज समोर येणारा शेंगदाणा टाळणे इथे फार कठीण आहे.

— एक वाचक, डोंबिवली