साठ क्लिकर, एकशे वीस सेल आणि न केलेली सही

मा. मंत्रीमहोदय, उच्च शिक्षण,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या कॉलेजात तपासणी समिती आली. त्या निमित्तानं भौतिकशास्त्र विभागाचं लोखंडी कपाट उघडलं आणि आतले साठ क्लिकर बाहेर निघाले. क्लिकर म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखं यंत्र. शिक्षकानं पडद्यावर प्रश्न टाकायचा, मुलांनी अ, ब, क, ड यांपैकी एक बटण दाबायचं. लॅपटॉपला लावलेला रिसीव्हर उत्तरं गोळा करतो आणि कुठल्या पर्यायाला किती मतं पडली ते लगेच पडद्यावर दिसतं. तीन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा व्यासपीठावरून शब्द दिला होता, की ही तर सुरुवात आहे, देखभालीचा खर्च सरकार उचलेल.

मी एक क्लिकर उघडून पाहिला. सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी भुकटी चढली होती. नखानं खरवडली तर स्प्रिंगच तुटून हातात आली. सॉफ्टवेअरचा परवाना एका वर्षाचा होता, तो केव्हाच संपलाय. तरी ते मुलांच्या हातात दिले आणि फोटो काढले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘सर, मन्हं उत्तर कोठे दिखी?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी माझ्यापुढे कागद आला: उपकरणं नियमित वापरात असल्याचं प्रमाणपत्र. मी सही केलेली नाही. म्हणून हे पत्र.

साहेब, यंत्र वाईट नाही. परवाना होता त्या वर्षी मी ते वापरलंय. एकदा विचारलं, बोरं पाडायला दगड सरळ वर फेकला, तर अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? बावन्न मुलांपैकी एकतीस जणांनी शून्य दाबलं, म्हणजे चुकले; गुरुत्वाकर्षण त्या टोकालाही दगडाला खाली ओढतच असतं. व्याख्यान मी आदल्याच दिवशी दिलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. तीन मिनिटं वर्गात अहिराणी, पावरी, मराठी, सगळ्या भाषांत गुरुत्वाकर्षणावर भांडण झालं. दुसऱ्यांदा बटणं दाबली तेव्हा चाळीस उत्तरं बरोबर होती. अकरा वर्षांत मी एवढा जिवंत तास घेतला नव्हता.

ही रीत माझी नाही. हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांनी 1991 पासून ती वापरली. आधी एकट्यानं विचार, मग मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं, की नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सुमारे 34 टक्के नापास होतात आणि मुलांना असं कामाला लावणाऱ्या वर्गात 22 टक्के. हा फरक म्हणजे आमच्या चोपडा-यावलच्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांची वर्षं आहेत.

परवाना संपला तेव्हा मी चार रंगांचे कार्डशीट आणून पदरमोडीनं कार्डं कापली, प्रत्येक पर्यायाला एक रंग. कॅनडातल्या एका कॉलेजाचा 2008 चा अभ्यास सांगतो, की कार्डं वापरा नाहीतर क्लिकर, शिकणं सारखंच होतं. पण माझ्या वर्गात एक गोष्ट कार्डांनी होत नाही. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत पुस्तकी मराठी आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजी. अशी मुलगी हात वर करताना आधी मागे वळून पाहते. सगळ्यांचं कार्ड पिवळं दिसलं की तीही पिवळंच काढते. क्लिकरला मात्र तिचा अंगठा मुलांमध्ये फक्त तिलाच माहीत असतो. चुकलं तरी कोणी हसत नाही आणि ती चुकली हे मला कळतं. तेवढ्यासाठी मला ते यंत्र हवंय.

आणि मी कोण? प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा पास, अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये नवी मुलाखत, नवी ऑर्डर. मानधन महिनोन्‌महिने येत नाही. दिवाळीला उसनवारी करायची आणि होळीला फेडायची. मे महिन्यात भावाच्या केळीच्या बागेत घड वाहतो. पंचेचाळीस अंशांत पाठ सोलवटते. तेव्हा पोरगी विचारते, ‘‘पप्पा, तुम्ही प्राध्यापक आहात ना?’’ विभागात मंजूर जागा चार, भरलेली एक. तो एक माणूस प्रॅक्टिकलही घेतो, परीक्षेचं कामही करतो आणि अहवालही भरतो. प्रश्न तयार करायला तास लागतात, साहेब. त्या तासांचं मानधन कुठल्याच तक्त्यात नाही.

खरेदीला पैसा असतो, तो मार्चअखेर खर्चही होतो. सेलला नसतो. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढली, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं, की तिचं पुढं काय होतं ते कोणी विचारत नाही. जे क्लिकरचं तेच ग्रंथालयाच्या संगणकांचं, तेच भाषा प्रयोगशाळेच्या हेडफोनांचं. 1990 साली जळगावला विद्यापीठ झालं. पुण्याचे हेलपाटे संपले, आता आपलं ऐकलं जाईल, असं आमच्या वडीलधाऱ्यांना वाटलं होतं. 2018 साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आपण काय बोलतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये घोकंपट्टीऐवजी समज हवी असं लिहिलंय. त्या समजेसाठी आम्हाला वर्गात माणूस द्या. मंजूर जागा भरा, मानधन महिन्याच्या महिन्याला द्या आणि खरेदीच्या प्रत्येक आदेशात पाच वर्षांची देखभाल लिहा.

सध्या मला बारीक पेन्सिल सेल हवेत. एका क्लिकरला दोन, म्हणजे एकशे वीस. ते मी आणीन. स्प्रिंगा गावातला टीव्ही दुरुस्तीवाला बसवून देतो म्हणालाय. परवान्याचे पैसे मात्र माझ्याच्यानं होणार नाहीत. तो सुरू झाला की प्रमाणपत्रावर त्याच दिवशी सही करतो. तोवर कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक अध्यापक,
जळगाव जिल्हा