परसातल्या बिब्यांविषयी

नागपूर,
8 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला घरी येऊन गेले तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. फोनवर हा विषय दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आई, हाताला तव्याचा चटका बसला असे तू सांगितले होतेस. पण तिळगूळ देताना तू हात पुढे केलास, तेव्हा बोटांच्या बेचक्यांमधली कातडी काळपट होऊन सोलवटलेली मला दिसली. मनगटावर बारीक फोडांची ओळ होती आणि डाव्या डोळ्याची पापणी सुजून जड झाली होती. दोरीवर वाळत घातलेल्या तुझ्या लुगड्याच्या पदरावर काळे ठिपके होते, धुऊनही न गेलेले. तव्याच्या चटक्याने पदरावर डाग पडत नाहीत. तुला बिबा उतला होता, म्हणजे त्याच्या तेलाने कातडीवर फोड आले होते, आणि त्याच पदराने तू घाम पुसल्यामुळे तो डोळ्यापर्यंत गेला होता.

गोठ्यामागचे ते झाड आजोबांच्या वेळचे आहे, आणि हिवाळ्यात त्याखाली बिब्यांचा सडा पडतो हेही मी लहानपणापासून पाहत आले आहे. टोकाचे पिकलेले नारिंगी फूल आपण वाळवून खाल्ले आहे आणि शनिवारी लिंबू-मिरचीसोबत काळा बिबा दाराला बांधला आहे. इतक्या ओळखीच्या वस्तूची भीती वाटत नाही, हे मला समजते. पण बिबा काजूच्या आणि आंब्याच्या कुळातला आहे. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की जसे उतते, तसाच, पण त्याहून कितीतरी जहाल पदार्थ बिब्याच्या टरफलात असतो. टरफलाच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक घरे असतात आणि त्यांत ते तेल भरलेले असते. गोडंबी, म्हणजे बिब्यातला खायचा गर, त्याच्याही आत असते. त्यामुळे दगडावर ठेवून बिबा फोडला की आधी तेल उडते आणि मग गोडंबी हाती येते. हाताला राख चोळली तरी बोटांच्या फटी आणि नखांच्या कडा उघड्याच राहतात. शिवाय एकदा शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की पुढच्या वेळी थोडेसे तेलही पुरते. तुझे तसे झाले आहे असे मला वाटते, कारण मागच्या वर्षी फक्त खाज सुटली होती आणि यंदा फोड आले.

बाबा, तुम्ही म्हणता की वाळलेल्या बिब्यात काही राहत नाही. तसे नाही. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्याचेच तेल वापरत असत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या सैनिकांना कपड्यावरच्या त्या वाळलेल्या खुणेमुळेसुद्धा अंगावर पुरळ उठत असे. आयुर्वेदातही भल्लातक, म्हणजे बिबाच, शुद्ध केल्यावाचून वापरत नाहीत. विटेच्या भुकटीत घोळून, चोळून आधी त्याचे तेल शोषून घेतात. म्हणून काटा रुतला किंवा टाच भेगाळली की बिबा गरम करून चटका देण्याची तुमची सवय आता सोडावी, ही माझी विनंती आहे. तुमच्या वयात जखम भरायला वेळ लागतो.

आता खाली पडलेल्या बिब्यांचे काय करायचे ते लिहिते. ते हाताने वेचू नयेत. लांब दांड्याच्या खराट्याने एका जागी ओढून सुपलीने पोत्यात भरावेत. मी जाड प्लास्टिकचे हातमोजे पाठवत आहे, तेच वापरावेत. दवाखान्यात मिळतात तसले पातळ रबरी हातमोजे चालणार नाहीत, कारण त्यांतून हे तेल आत झिरपते. काम झाल्यावर हातमोजे, सुपली आणि खराट्याचा दांडा साबणाने धुवावा, कारण दांड्यावर राहिलेले तेल दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हाताला लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाबा, संध्याकाळी पालापाचोळ्याचा ढीग पेटवता त्यात बिबे जाऊ देऊ नका. त्यांच्या धुराने चेहरा आणि डोळे सुजतात, आणि धूर छातीत गेला तर त्रास फार मोठा होतो. पालापाचोळा वावराच्या धुऱ्याजवळच्या खड्ड्यात टाकावा. झाड तोडण्याचा विचार मात्र करू नका. त्याच्या चिकानेही उततेच, आणि ते झाड मलाही हवे आहे.

चुकून तेल लागलेच तर लगेच साबण आणि भरपूर थंड पाण्याने धुवावे. उतण्याची खूण कित्येकदा दुसऱ्या दिवशी दिसते, त्यामुळे तेव्हा काही झाले नाही म्हणून धुण्याचे टाळू नये. फोड फोडू नयेत. डोळ्याला किंवा तोंडाला लागले तर खोबरे लावून वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आई, तू हे कोणासाठी करतेस हे मला माहीत आहे. माझ्या बाळंतपणात तू पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांत मूठमूठ गोडंबी होती, आणि ती तू रोज दुपारी गोठ्याच्या सावलीत बसून एकेक करून काढली होतीस, हे मला फार उशिरा कळले. ते लाडू खाताना मी तुझे हात पाहिले नव्हते. यापुढे लाडवांत खोबरे आणि खारीक घाल, मला तेवढे पुरे आहे. बिबे न फोडताच व्यापाऱ्याला द्यावेत. गोडंबीपेक्षा पैसे कमी येतील, ते येऊ द्यावेत.

होळीला मी चार दिवस येत आहे. ओसरीखाली टोपल्याने झाकून ठेवलेला ढीग तोपर्यंत तसाच राहू द्यावा. तो मी स्वतः पोत्यात भरेन.

तुमची लेक