मॉरिशसला ऊसच ऊस आहे आबा

ती. आबा,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही परत तेच विचारलंत, तिकडं शेतीबिती काही आहे का नुसताच समुद्र. अहो ऊसच ऊस आहे! विमान खाली यायला लागलं तेव्हा मला वाटलं शिरोळलाच उतरतोय की काय, फक्त एक वेगळं, फडाच्या मधोमध काळ्या दगडांच्या उंच राशी. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत जिथं तिथं दगड, ते हातानं वेचून रचले आधी गुलामांनी आणि मग आपल्याकडनं आलेल्या मजुरांनी.

म्हणजे झालं असं की डच 1598 ला आले, डोडो पक्षी संपला आणि 1710 ला तेही गेले, मग फ्रेंच, मग 1810 ला इंग्रज. 1835 ला गुलामी बंद झाली आणि मळेवाल्यांना ऊस तोडायला माणूस मिळेना, म्हणून करारावर हिंदुस्थानातनं माणसं आणली, साडेचार लाखांच्या आसपास. पोर्ट लुईसला आप्रवासी घाट आहे, तिथल्या 16 पायऱ्या चढून ती वर आली, मी पण चढलो, उगाच पाय जड झाले. बिहारकडची जास्त, पण आपल्या कोकणातली पण होती, त्यांची नातवंडं-पणतवंडं अजून शाळेत मराठी शिकतात, झाकरी करतात (म्हणजे आपली कोकणातली जाखडीच हो) आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी!

देश केवढा, तर 2040 चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहून जरासा मोठा, माणसं साडेबारा लाख. 1968 ला स्वातंत्र्य, 1992 ला प्रजासत्ताक, राष्ट्रपती आहे पण कारभार पंतप्रधानाचा. मतदाराला एका वेळी तीन उमेदवार निवडायचे असतात. 2024 ला मुख्य बेटावरच्या 60 च्या 60 जागा एकाच आघाडीला, आपल्या कारखान्याच्या इलेक्शनला अख्खं पॅनेल निघतं ना, सेम तसंच.

आता तुमच्या कामाचं. इथं तोड जूनला सुरू होते ती डिसेंबरपर्यंत, आपल्या उलट, आणि एकदा लागण केली की सहा-सात वर्षं खोडवाच (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणारं पीक) घेतात, ऐकून हसाल. युरोपनं 1975 पासून वर्षाला पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावानं घेतली, त्यावर देश उभा राहिला, पण यांनी शहाणपणा असा केला की त्या पैशातला काही कपड्याच्या फॅक्टऱ्यांत आणि हॉटेलांत घातला, नंतर बँका-फायनान्स आलं. 2006 नंतर युरोपनं भाव तिसऱ्या हिश्श्यानं पाडला, कारखाने पटापट बंद झाले, आता हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरलेत, ते चिपाडावर वीज करून विकतात. आमचं एबेनचं ऑफिस आहे ना, काचेच्या बिल्डिंगा सगळ्या, ती पण उसाचीच रानं होती. आपल्याकडं एफआरपीच्या (सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान भावाच्या) आंदोलनात बसलेल्या माणसांना हे सांगावंसं वाटतं, पण कोण ऐकतंय.

आईला सांगा जेवणाचे हाल नाहीत, रस्त्यावर डाळपुरी मिळते, पुरणपोळीतनं गूळ काढल्यासारखी, वर रस्सा घालून देतात.

आणि ते इथल्या उसाचं बेणं आणायचं डोक्यातनं काढून टाका, विमानतळावर झाडपाल्याचं काही चालत नाही, मागच्या खेपेला आईनं दिलेला कढीपत्ता पण काढून घेतला.

तुमचा,
बाळू